रात्री साडेदहाचं भूत : मालिका खुशाल पाहा, पण ‘करणी’ची चर्चा गल्लीत नको

यवतमाळ : रात्रीचे अकरा वाजतात, भुताची मालिका संपते आणि मग गावातली चर्चा सुरू होते. ‘दारामागं कोन होतं बाप्पा?’, ‘थे बाई जिती हाये का मेलेली?’, ‘मले त आधीच माहीत होतं, तोच निंघते पाय उद्या!’ आधी घरातल्या घरात, मग व्हॉट्सॲपवर, सकाळी नळावर, दुपारी कापूस वेचताना पाथीवर आणि संध्याकाळी पानठेल्यावर. नवा भाग बावीस-चोवीस मिनिटांचा, चर्चा मात्र चोवीस तासांची.

यात वाईट काहीच नाही. भुताच्या गोष्टी आपल्याकडं टीव्ही यायच्या कितीतरी आधीपासून आहेत. पण नव्या भागावर प्रेक्षक इतकं का बोलतात, त्या बोलण्यानं मालिकेचं नेमकं काय होतं, आणि हे बोलणं कुठल्या क्षणी गमतीचं न राहता गुन्ह्याकडं जातं, हे प्रत्येक घरानं समजून घेण्यासारखं आहे.

‘रात्रीस खेळ चाले’नं काय केलं?

मराठीत अशा मालिकेचं नाव काढलं की बहुतेकांना आधी ‘रात्रीस खेळ चाले’ आठवते. झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ ला रात्री साडेदहाच्या वेळेत ती सुरू झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातल्या आकेरी गावच्या वाड्यात तिचं चित्रीकरण झालं. घरचा कर्ता पुरुष अण्णा नाईक मरतो, त्यानिमित्तानं सगळी मुलं-सुना वाड्यात जमतात आणि एकेक विचित्र गोष्ट घडू लागते, अशी ती सुरुवात. पहिलं पर्व ऑक्टोबर २०१६ मध्ये संपलं.

जानेवारी २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं. ते पुढं न जाता मागं गेलं. अण्णा जिवंत असताना काय काय झालं होतं, ते यात दाखवलं. अण्णांच्या भूमिकेत माधव अभ्यंकर, शेवंताच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकर आणि माईच्या भूमिकेत शकुंतला नरे. ही तीन पात्रं घराघरांत पोहोचली. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला, सगळ्याच मालिकांचं चित्रीकरण थांबलं. जुलैत नवे भाग पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्ट २०२० मध्ये हे पर्व संपलं. मार्च २०२१ मध्ये तिसरं पर्व आलं. त्यात मध्येच शेवंताची भूमिका करणारी अभिनेत्री बदलली, कृतिका तुळसकर शेवंता झाली. त्या वेळी प्रेक्षक दोन गटांत विभागले गेले. ‘जुनीच पाहिजे’ म्हणणारे एकीकडं, ‘हे बी चांगलं करते, पाहू त द्या’ म्हणणारे दुसरीकडं. एखाद्या पात्राला लोक आपल्या घरातलं मानू लागले की असं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. अण्णा नाईक हा काही चांगला माणूस नव्हता. बायकोला मारझोड करणारा, लोकांच्या जमिनीवर डोळा ठेवणारा, खून पचवणारा असा तो दाखवला होता. तरी मोबाइलवर त्याचेच विनोद जास्त फिरले. पुरुष मंडळी अण्णा-शेवंताच्या जोडीवर हसायची, तर बायका हळहळायच्या माईसाठी. तिच्यावर येणारा प्रसंग भुताचा नव्हताच, नवऱ्याचा होता. त्या वाड्यातली सगळ्यात मोठी भीती अंधारात नव्हती, ती घरच्या कर्त्या माणसाच्या पावलांत होती. हे कळलेला प्रेक्षक मालिका फक्त भुतासाठी पाहत नव्हता.

कोकणातलं भूत यवतमाळात कसं चाललं?

मालिका मालवणी वळणाची. आपली बोली वऱ्हाडी. तरी पांडूचं ‘इसरलंय’ आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी बसलं. याचं कारण, भुताचं गाव बदललं तरी त्याची जागा बदलत नाही. कोकणात देवचार, राखणदार आणि वेताळ, तर आपल्याकडं पिंपळावरचा मुंजा, नाल्यावरची हडळ, विहिरीतल्या साती आसरा आणि रात्री रस्ता चुकवणारा चकवा. जुनं झाड, ओसाड विहीर, पडका वाडा, गावाबाहेरचा नाला, हीच ठिकाणं दोन्हीकडं.

‘चकवा लागला’ असं सांगणारी म्हातारी माणसं अजूनही गावात भेटतात. वीज नव्हती, डांबरी रस्ते नव्हते, त्या काळात अंधारात माणूस खरंच दिशा चुकायचा. खूण दिसली नाही की माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. त्या अनुभवाला त्या पिढीनं नाव दिलं चकवा. अनुभव खोटा नव्हता, कारण वेगळं होतं. बहुतेक भुताच्या गोष्टींचं असंच असतं.

दुसरं कारण कुटुंब. मराठीतल्या या मालिका भुताच्या असल्या तरी मुळात घराच्या असतात. वाटणी, जमीन, लपवलेलं लफडं, भावाभावांतला संशय आणि सुनेला मिळणारी वागणूक हेच त्यांचे विषय. २००७ साली आलेली ‘असंभव’ पुनर्जन्माची होती, पण तिच्यातही केंद्रस्थानी घरच होतं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’तही तेच. सातबाऱ्यावरून भांडण झालेल्या घराला नाईकांचा वाडा परका वाटत नाही.

भीती वाटते, तरी आपण पाहतो का?

अचानक आवाज झाला, अंधारातून चेहरा पुढं आला की शरीर आधी घाबरतं, डोकं नंतर विचार करतं. छाती धडधडते, हात गार पडतात, श्वास भरभर चालतो. पुढच्याच क्षणी लक्षात येतं की आपण तर घरात आहोत, शेजारी आजी बसली आहे, चुलीवर दूध आहे. मग जी सुटका वाटते, तिच्यातच मजा असते. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर पोटात गोळा येतो आणि खाली उतरल्यावर हसू येतं, तसंच हे. म्हणून भुताची मालिका एकट्यानं पाहायला लोक टाळतात आणि चौघांत बसून आवडीनं पाहतात.

मालिका करणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. त्यामुळं भाग कधीच शांतपणे संपत नाही. दार उघडतं, कोणीतरी वळून पाहतं, संगीत चढतं आणि तिथंच थांबतं. उत्तर उद्या. मधले तेवीस तास प्रेक्षकानं डोकं खाजवावं, दुसऱ्याला विचारावं, तर्क करावा, यासाठीच तो धक्का असतो. सकाळी नळावर होणारी चर्चा ही त्या मालिकेची फुकटची जाहिरात असते.

रात्री उशिरा असं काही पाहून झोपल्यावर काहींना अर्धवट जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. ‘मुंजा बसला’ असं आपल्याकडं म्हणतात. डॉक्टर याला झोपेतला तात्पुरता लुळेपणा म्हणतात. स्वप्न पडत असताना शरीर आपोआप शिथिल असतं. मेंदू जागा झाला आणि शरीर अजून झोपेतच राहिलं की काही क्षण असं होतं, मग आपोआप सुटतं. जागरण, थकवा आणि ताण असला की हे जास्त होतं. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं, जाणत्याकडं धावायची गरज नाही.

चर्चा जास्त म्हणजे टीआरपी जास्त?

असं सरळ गणित नाही. टीव्हीचे आकडे मोजण्याचं काम ‘बार्क’ ही संस्था करते. निवडलेल्या घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. कोणतं चॅनल, किती वेळ, घरातल्या कोणी पाहिलं याची नोंद त्यात होते. अशी घरं देशभरात पन्नास हजारांहून जास्त आहेत आणि ती कोणती, हे गुप्त ठेवलं जातं. तेवढ्या घरांवरून सगळ्या देशाचा अंदाज काढतात. शिजलेल्या भाताचं एक शीत दाबून पाहावं, तसं.

ग्रामीण भागातली घरं या मोजणीत ऑक्टोबर २०१५ पासून आली. त्याआधी ‘बार्क’च्या आकड्यांत शहरांचीच आवड दिसायची. ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली ती त्यानंतर चारच महिन्यांनी. म्हणजे खेड्यातला प्रेक्षक ज्या वेळी पहिल्यांदा आकड्यांत दिसू लागला, त्याच काळात ही मालिका आली.

तुम्ही व्हॉट्सॲपवर कितीही लिहिलं, फेसबुकवर कितीही कौतुक केलं किंवा शिव्या घातल्या, तरी त्यानं टीआरपी हलत नाही. पण निर्मात्यांचं लक्ष मात्र तिकडं असतं. कुठलं पात्र लोकांना आवडतं, कशाला लोक कंटाळले, हे त्यातून कळतं. पहिल्या पर्वात सुरुवातीलाच मेलेल्या माणसाभोवती दुसरं अख्खं पर्व उभं राहिलं, ते लोकांना त्याच्याविषयी वाटणाऱ्या कुतूहलावरच.

मालिका पटली नाही तर?

२०१६ मध्ये याच मालिकेवर खुद्द सिंधुदुर्गातून आक्षेप आले. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, मालिका बंद करा, अशी मागणी झाली. दुसरीकडं आकेरीचा तोच वाडा पाहायला पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्या. चाहते आणि विरोधक एकाच वेळी होते.

आक्षेप घ्यायचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकाला आहे. केबल टीव्ही नियम १९९४ मधील कार्यक्रम संहितेत अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणारा कार्यक्रम दाखवू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत. आधी वाहिनीकडं लेखी तक्रार करायची, तिनं १५ दिवसांत उत्तर द्यायचं. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडं जायचं. तिथंही नाही झालं तर केंद्र सरकारच्या समितीकडं. तक्रारीत मालिकेचं नाव, तारीख, वेळ आणि नेमका प्रसंग लिहा. ‘सगळी मालिकाच खराब आहे’ एवढंच लिहिलं तर उपयोग होत नाही.

रेष कुठं आहे?

भुताची गोष्ट ऐकणं, सांगणं किंवा पाहणं हा गुन्हा नाही. घाबरणंही गुन्हा नाही. पण पडद्यावरचा शब्द उचलून गल्लीतल्या जित्या माणसाला चिकटवला की मामला बदलतो.

‘तिच्या नजरेतच काहीतरी आहे’, ‘तिनं करणी केली म्हणून पोरगं आजारी पडलं’, ‘गाईचं दूध तिनंच आटवलं’ अशी कुजबुज बहुतेक वेळा एकट्या बाईबद्दल, विधवेबद्दल, म्हातारीबद्दल किंवा भावकीत जमिनीचा वाद असलेल्या घराबद्दल होते. मालिकेत चेटकीण ओळखायला संगीत वाजतं. गावात संगीत वाजत नाही, फक्त एका बाईचं नळावर पाणी भरणं बंद होतं.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत १२ प्रकारची कृत्यं दिली आहेत. आपल्या भागाच्या दृष्टीनं महत्त्वाची ही :

– अमुक व्यक्ती करणी, काळी जादू करते, भूत लावते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं, तिचं जगणं कठीण करणं.

– जारणमारण, करणी, चेटूक केल्याच्या नावाखाली कोणाला मारहाण करणं, धिंड काढणं.

– अंगातलं भूत काढतो म्हणून बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं.

– गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं.

– साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं.

शिक्षा किमान ६ महिने ते कमाल ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. स्वतः करणारा जसा दोषी, तसा मदत करणारा आणि असल्या गोष्टींचा प्रचार करणाराही. म्हणजे एखाद्या बाईचा फोटो टाकून ‘हिच्यापासून सावध राहा’ असा मेसेज पुढं पाठवणाऱ्यानंही विचार करावा. पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्याला यासाठी दक्षता अधिकारी म्हणून जबाबदारी दिलेली असते.

हा कायदा देवाधर्माच्या विरोधात आहे, असाही समज आहे. तसं नाही. पूजा, प्रदक्षिणा, वारी, भजन, कीर्तन, प्रवचन यांना तो लागू होत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे.

‘नागिन’ पाहा, पण साप चावल्यावर विसरा

आपल्या जिल्ह्यासाठी हा मुद्दा वेगळा सांगावा लागेल. नोव्हेंबर २०१५ मध्ये कलर्स वाहिनीवर ‘नागिन’ सुरू झाली आणि तिचीही कितीतरी पर्वं आली. इच्छाधारी नागीण, नागमणी, नागिणीचा बदला हे सगळं पडद्यावर छान दिसतं. पण खरा साप दूध पीत नाही, कोणाचा चेहरा लक्षात ठेवत नाही आणि जोडीदार मारला म्हणून मागं लागत नाही.

पावसाळा लागला की सोयाबीन, तूर, कपाशीच्या दाट पिकात, गोठ्यात, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या ढिगात साप निघतात. माणसाच्या जिवाला सर्वांत जास्त धोका चार जातींचा : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकी बरेच साप बिनविषारी असतात. मांत्रिकाकडं नेलेला माणूस वाचला तर तो याच कारणानं, साप बिनविषारी असतो किंवा विष कमी गेलेलं असतं. मंत्राचं नाव होतं आणि पुढच्या वेळी नाग चावलेला माणूसही तिकडंच नेला जातो. तिथं जीव जातो.

साप चावला तर धावपळ करू नका, चावलेला भाग हलू देऊ नका. घट्ट दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं विष ओढू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. सर्पविषावरची लस हाच त्यावरचा उपाय आहे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. लांबच्या तालुक्यातून थेट यवतमाळ गाठण्यापेक्षा आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात उपचार सुरू करून घ्या, तिथले डॉक्टर पुढं पाठवायचं का ते ठरवतील.

घरात एवढं पाळा

लहान लेकरांना साडेदहाची मालिका दाखवू नका. सहा-सात वर्षांच्या लेकराला खरं आणि खोटं यातला फरक मोठ्यांसारखा कळत नाही. पाहिलंच असेल तर त्याला सांगा, ते कपडे, तो रंग, तो आवाज सगळं तयार केलेलं असतं. ‘झोप, नाही त शेवंता येईल’ असं म्हणून झोपवू नका.

घरातलं कोणी अचानक घुमायला लागलं, बडबडायला लागलं, खाणंपिणं सोडलं, तर ‘बाहेरचं’ समजून लपवू नका. तो मनाचा आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. कोणाला करणीच्या संशयावरून त्रास होत असेल तर ११२ वर पोलिसांना कळवा. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

पहिल्या पर्वात नाईकांच्या घरात नीलिमा नावाची सून होती. वाड्यात काहीही झालं की बाकीचे हात जोडायचे, ती कारण विचारायची. बऱ्याच प्रेक्षकांना ती मध्येमध्ये येणारी वाटायची, ‘इले काय समजते’ असं म्हणायचे. पण प्रत्येक घरात आणि प्रत्येक पानठेल्यावर अशी एक नीलिमा असावी. भुताची मजा तिनं कमी होत नाही, पण एखाद्या म्हातारीची बदनामी नक्की थांबते.

आणि भीतीचंच म्हणाल तर आपल्या शेतकऱ्याला ती कोणी शिकवायची गरज नाही. मालिका संपते, टीव्ही बंद होतो आणि ओलिताच्या लाईनची पाळी रात्रीची असली तर तोच माणूस बॅटरी घेऊन एकटा वावरात जातो. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं. वाटेत रानडुक्कर असतं, पाटाच्या कडेला साप असतो, टिपेश्वरच्या बाजूला वाघही असतो. तिथं तो मुंजाचा विचार करत नाही. पायात बूट घालतो, हातात काठी घेतो, बॅटरीचा उजेड पायापुढं टाकतो आणि जातो.